सोनं की लोखंड?

दिवाळीत गावी गेलो होतो. परभणी जिल्हा, मानवतपासून जवळच. काकांच्या वाड्यामागे बघतो तर कमरेएवढा खड्डा! शौचालयाचा असेल म्हणून विचारलं तर काकू म्हणाली, "तुझ्या काकालाच इचार. सोनं काढायलेत!"

झालं असं की एक माणूस मशीन घेऊन आला. मशीन वाजलं. त्याने आगाऊ पैसे घेतले, खणायला लावलं, आणि निघाली काय तर बैलगाडीच्या चाकाची गंजलेली धाव. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "धन सरकलं. बंदोबस्त करावा लागेल, त्याचे वेगळे."

काकांचं एकच पालुपद, "मशीन तर खरं होतं ना? वाजलं की!"

खरंच होतं. सगळा घोळ तिथेच आहे, मंडळी.

या यंत्राचा इतिहास मोठा मजेशीर आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकलीय ते शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन धावले. पण गादीखालच्या पोलादी तारांनी घोटाळा केला, शिवाय डॉक्टर गोळी असलेल्या बाजूला शोधूच देईनात. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. थोडक्यात, नको तिथलं लोखंड तेव्हापासून नडतंय :-)

दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की यांचा सुरुंगशोधक आला आणि १९४२ मध्ये अल अलामीनला वापरला गेला. पल्स इंडक्शन त्यानंतरचं. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये पुरातत्त्वाच्या कामासाठी ते आजमावलं गेलं.

तत्त्व सोपं आहे. कॉइलमधून विजेचा झटका सोडायचा आणि एकदम बंद करायचा. खाली धातू असेल तर त्यात भोवरे-प्रवाह उठतात आणि हळूहळू विझतात. काही मायक्रोसेकंद थांबून मशीन ते विझणं 'ऐकतं'. देवळातली घंटा वाजवून हात काढून घ्यावा आणि नुसता नाद ऐकावा, तसं.

आता गंमत बघा. लोखंडाची खरी ओळख म्हणजे ते चुंबकीय क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं. सतत लहरी सोडणारी साधी मशीन्स परत येणाऱ्या लहरीच्या फेजवरून ही खूण बऱ्यापैकी पकडतात. पल्सवालं मशीन मात्र ऐकायला लागतं तेव्हा मूळ क्षेत्रच बंद झालेलं असतं. उरतो फक्त नाद. तो किती वेळ टिकेल हे धातूवर, जाडीवर, आकारावर, सगळ्यावरच अवलंबून. त्यामुळे नाजूक अंगठी आणि पातळ पत्रा सारखेच वाटू शकतात. आणि गाडीची धाव? लोखंडाचं भलंमोठं बंद कडं! ते तर दणदणीत वाजणार.

मग पल्स वापरायचंच कशाला? आपली काळी माती बेसाल्टची, म्हणजे मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं तिच्यात आलीच. अशा मातीत साधी मशीन्स गोंधळतात, पल्सला त्रास बराच कमी, आणि ते खोलवर पोचतं. म्हणजे खोली मिळते, पण ओळख हरवते. इंजिनिअरिंगमध्ये फुकट काहीच नसतं.

असो. इथपर्यंत हा फसवणुकीचा विनोदी किस्सा आहे. पण मानवतच्या परिसरात तो विनोदी राहत नाही. १९७२ ते १९७४ दरम्यान इथे एकामागोमाग एक खून झाले. बळींमध्ये बायका आणि लहान मुली जास्त. मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णींनी तपास केला आणि गुप्तधनासाठी नरबळी हे कारण पुढे आलं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०२४ मध्ये त्यावर वेब सिरीज आली, आपण पॉपकॉर्न खात बघितली. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा ठरले, ते उगाच नाही.

'वाजलं' आणि 'सापडलं' यांच्यात एक फट असते. मशीनवाल्याला ती माहीत असते, आणि त्याचा धंदा त्या फटीतच चालतो. आज तो 'बंदोबस्ता'चे पैसे मागतो. उद्या काय मागेल?

हे सगळं मी काकांना कागदावर आलेख काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. खड्डा आम्ही दोघांनी मिळून बुजवला. हात धुताना म्हणाले, "बरं, ते लोखंड ओळखणारं मशीन केवढ्याला मिळतं?"

काकू आतून ओरडली, "धाव भंगारात इका आधी!"