‘ऑस्की’ म्हणजे काय? डॉक्टर आणि नर्स होणाऱ्यांची परीक्षा कशी घेतात?

इंजेक्शन कसं द्यायचं, हे पेपरात अचूक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ते प्रत्यक्ष देता येईल का? आरोग्यशास्त्राच्या शिक्षणातला हा जुना प्रश्न आहे. त्यावरचं एक उत्तर म्हणजे ‘ऑस्की’, अर्थात ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन.

याची गरज का पडली?

जुन्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एक रुग्ण तपासायला देत आणि नंतर परीक्षक प्रश्न विचारत. यात नशिबाचा वाटा मोठा होता. एकाला सोपी केस मिळे, दुसऱ्याला अवघड. कुणाचा परीक्षक कडक, कुणाचा सढळ. शिवाय तपासणी चालू असताना परीक्षक बहुधा समोर नसत. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ऑस्कीची पद्धत मांडली.

परीक्षा कशी होते?

परीक्षेच्या जागी अनेक ‘स्टेशन’ असतात. प्रत्येक स्टेशनवर ठरावीक मिनिटांत एक काम करायचं: रक्तदाब मोजणं, छाती तपासणं, रुग्णाला औषध समजावणं. घंटा वाजली की पुढच्या स्टेशनवर जायचं. काही ठिकाणी रुग्णाची भूमिका करायला प्रशिक्षित व्यक्ती बसवतात. परीक्षकाच्या हातात यादी असते. हात धुतले का? नाव विचारून खात्री केली का? औषधाची ॲलर्जी विचारली का? सगळ्यांना कामं तीच आणि गुण देण्याचे निकषही तेच.

यातून नेमकं काय कळतं?

अमेरिकेतले जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात करणं. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्या तपासते, ऑस्की तिसरी.

आपल्याशी काय संबंध?

भारतात २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्याला काय ‘येतं’ यावर त्याचा भर आहे, आणि ते तपासण्याच्या पद्धतींमध्ये ऑस्कीही आहे. ब्रिटनमध्ये काम करू इच्छिणाऱ्या भारतीय डॉक्टरांची ‘प्लॅब’ परीक्षेची दुसरी फेरी याच पद्धतीची असते. तिथे जाणाऱ्या परदेशी नर्सनाही ऑस्की द्यावी लागते.

मर्यादा कोणत्या?

भरपूर परीक्षक, जागा आणि पैसा लागतो. शिवाय यादी पाठ करूनही गुण मिळवता येतात. ‘तुमचा त्रास मला समजतो’ हे वाक्य रुग्णाकडे न बघताही म्हणता येतं!

चौथी पायरी तर परीक्षेच्या खोलीत दिसतच नाही. रात्रीच्या ड्युटीत, थकलेलं असताना आणि कुणी बघत नसताना हात धुतले जातात का, हे वॉर्डातच कळतं. म्हणून ऑस्कीसोबत लॉगबुक आणि वॉर्डातलं शिक्षकांचं निरीक्षणही लागतं.