जठराची खिडकी

राग, भीती किंवा दुःख यांनी भूक मरते आणि पोट बिघडते, हे निरीक्षण वैद्यकाइतकेच जुने आहे. चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतले चार दोषांच्या प्रकोपाने होणारे. उरलेले दोन भयज आणि शोकज, म्हणजे थेट मनातून उपजणारे. या दोहोंवर वातशामक उपचारांच्या जोडीला रोग्याला धीर देणे आणि त्याचे मन प्रसन्न करणे हा उपाय दिला आहे. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात, पथ्याचे आणि बेताने खाल्लेले अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे पचत नाही, असे म्हटले आहे. निरीक्षण नेमके होते. पण रागावलेल्या माणसाच्या जठरात त्या घटकेला काय चालते, हे डोळ्यांनी पाहण्याची सोय कोणत्याच देशातल्या वैद्याला नव्हती. ती एका अपघाताने झाली.

अमेरिकेतल्या ह्यूरॉन सरोवरात मॅकिनॅक नावाचे बेट आहे. तेथील फर कंपनीच्या दुकानात ६ जून १८२२ रोजी एका बंदुकीचा चुकून बार उडाला आणि छर्रे अॅलेक्सिस सेंट मार्टिन या विशीच्या आसपासच्या कॅनेडियन नावाड्याच्या डाव्या कुशीत घुसले. लष्करी किल्ल्यावरचे शल्यवैद्य विल्यम बोमाँट धावत आले. रोगी वाचेल अशी त्यांना आशा नव्हती. सुरुवातीचे काही दिवस खाल्लेले सगळे जखमेतूनच बाहेर पडे. पुढे जखम भरली, पण जठराची कड बरगड्यांमधल्या कातडीला चिकटून तेथे कायमचे भोक राहिले.

१ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँट यांनी मसालेदार गोमांस, खारवलेले डुकराचे मांस, शिळा पाव, कच्चा कोबी असे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून काढून कोणता तुकडा किती विरघळला ते तपासले. असे प्रयोग, मध्ये मोठे खंड पडत, १८३३ पर्यंत चालले. त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. जठररसात आम्ल असते आणि पचन ही मुख्यतः रासायनिक क्रिया आहे, हा त्यातला गाजलेला भाग. मात्र बोमाँट यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती : सेंट मार्टिन घाबरला किंवा संतापला की जठराच्या आतल्या अस्तराचा रंग बदले, कधी ते लालबुंद आणि कोरडे पडे, कधी फिकट होई, पचन रेंगाळे आणि रागाच्या भरात पित्तही जठरात चढलेले दिसे. संतापायला त्याच्याकडे कारणेही होती. निरक्षर असल्याने त्याने करारावर सही म्हणून फुली मारली होती. वर्षाला १५० डॉलर आणि राहणे-जेवण एवढ्या मोबदल्यात पोट डॉक्टरांच्या हवाली केले होते. १८८० साली तो वारला, तेव्हा त्याचे जठर संग्रहालयात ठेवावे अशी डॉक्टर विल्यम ऑस्लर यांची इच्छा होती. तसे होऊ नये म्हणून घरच्यांनी प्रेत सडेपर्यंत ठेवले आणि मग खोल खड्ड्यात पुरले.

भोकावाचून आत पाहण्याची युक्ती शतकाच्या अखेरीस हाती आली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच काळात हार्वर्डमधील विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न चारून त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर पाहिली. मांजर अस्वस्थ झाले की हालचाल थांबे. शांत झाले की पुन्हा सुरू होई. याचा माग काढत कॅनन अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या अॅड्रेनलिनपर्यंत पोहोचले. संकटात लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी रक्त स्नायूंकडे वळते आणि पचन तात्पुरते बाजूला पडते, हा त्यांचा सिद्धान्त १९१५ च्या पुस्तकात मांडला आहे.

१९४१ पासून न्यूयॉर्कमध्ये स्ट्यूअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ या संशोधकांना जणू दुसरा सेंट मार्टिन मिळाला. त्यांच्या ग्रंथात 'टॉम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाची अन्ननलिका लहानपणी कढत सूप प्यायल्याने बंद झाली होती. तो घास चावून पोटावरच्या छिद्रातून आत घाली. भीतीने त्याचे जठर पांढरे पडे व आम्ल घटे; रागाने मात्र ते लाल होऊन फुगे आणि आम्ल वाढे. भावना वेगळी, तर परिणामही वेगळा, ही यातली खरी भर.

येथून पुढे उत्साहाने विवेकावर मात केली. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी जठरव्रणाला दडपलेल्या मानसिक संघर्षाचा रोग ठरवले. लंडनवर जर्मन बॉम्ब पडत असताना व्रण फुटण्याचे प्रकार वाढल्याची नोंद होतीच. परिणामी व्रणाच्या रोग्याला विश्रांती, दूध आणि 'काळजी करू नका' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिला. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा केला. व्रणाचे मूळ हा जिवाणू आहे, हे लोक ऐकेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ चे नोबेल दोघांना मिळाले.

तरीही मनाचा वाटा पुरता पुसला गेला नाही. हा जिवाणू पोटात बाळगणाऱ्या बहुतेकांना व्रण होतच नाही. उलट १९९५ च्या कोबे भूकंपानंतर रक्तस्रावी व्रणांचे रुग्ण वाढल्याचे जपानी डॉक्टरांना आढळले. आज व्रणाच्या रुग्णाची आधी जिवाणूसाठी तपासणी होते, वेदनाशामक गोळ्या किती घेतो हे विचारले जाते आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविके व आम्ल कमी करणारी औषधे दिली जातात. ताणाकडे आता व्रणाचे एकमेव कारण म्हणून पाहिले जात नाही. व्रण बळावण्याच्या कारणांपैकी तो एक मानला जातो.