राउटरांची जोडी आणि सामाईक पत्ता : एक ऐतिहासिक टिपण

एक राउटर बंद पडला असता दुसऱ्याने त्याचे काम चालवावे, ही कल्पना दिसावयास सोपी आहे. तिचा इतिहास मात्र तितका सरळ नाही. संदेशवहनाच्या जाळ्यात कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये एकाहून अधिक मार्ग असावेत, हा विचार पॉल बॅरन यांनी रँड कॉर्पोरेशनच्या १९६४ सालच्या प्रबंधमालेत विस्ताराने मांडला. पुढे जाळ्याच्या अंतर्भागातील यंत्रे परस्परांशी माहितीची देवघेव करून तुटलेला मार्ग टाळू लागली. तथापि उंबरठ्यावरील दुबळेपणा तसाच राहिला. सामान्य संगणकाला बहुधा एकाच राउटराचा पत्ता दिलेला असतो. तो राउटर बंद पडला म्हणजे शेजारी दुसरा सज्ज असूनही संगणकाला त्याचा उपयोग होत नाही. तात्पर्य, उणीव यंत्राची नव्हती, पत्त्याची होती.

सिस्को कंपनीच्या एचएसआरपी या पद्धतीने हे मर्म ओळखले. दोन राउटरांनी एक सामाईक, आभासी पत्ता धारण करावा. एकाने काम करावे व दर ३ सेकंदांनी आपल्या अस्तित्वाची सूचना द्यावी. १० सेकंद ती न आल्यास दुसऱ्याने पत्ता आपल्याकडे घ्यावा, अशी तिची नेहमीची योजना. ही पद्धत मार्च १९९८ मध्ये आरएफसी २२८१ म्हणून प्रसिद्ध झाली. पुढच्याच महिन्यात व्हीआरआरपी ही सर्व उत्पादकांसाठीची पद्धत आरएफसी २३३८ या रूपाने आली.

येथे पत्त्याच्या मालकीचा प्रश्न सुटला आणि कल्पनेच्या मालकीचा उभा राहिला. सिस्कोच्या पेटंटाची छाया व्हीआरआरपीवरही पडली. मुक्त मानकावर असे बंधन ओपनबीएसडीच्या कार्यकर्त्यांना मान्य नव्हते. त्यांनी कार्प ही स्वतंत्र पद्धत रचली व मे २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिला स्वतंत्र अधिकृत क्रमांक न मिळाल्याने तिने व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक वापरला. परिणामी दोन्ही पद्धती एकाच जाळ्यात नांदावयाच्या तर गटांचे क्रमांक निराळे ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते. कायद्यातील वादाची खूण अशी तांत्रिक रचनेत कायमची उमटली.

भारविभागणी याच पायावर उभी आहे. दोन आभासी पत्ते निर्माण करून प्रत्येक राउटराला एकाचा प्रमुख व दुसऱ्याचा राखीव नेमावे, आणि निम्मे संगणक एका पत्त्याकडे, निम्मे दुसऱ्याकडे वळवावेत. परंतु दोन्ही राउटर समान क्षमतेचे असून प्रत्येकावर निम्म्याहून अधिक भार असेल, तर एक बंद पडताच उरलेल्याला सर्व भार पेलणार नाही. राखीव शक्ती रोजच्या कामात खर्च केली की ती राखीव उरत नाही. व्हीआरआरपीच्या २०१० व २०२४ सालच्या सुधारित आवृत्त्यांनंतरही हे गणित बदललेले नाही. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने यंत्रांची संख्या मोजून थांबू नये. पत्ता कोणाकडे आणि शिल्लक क्षमता किती, हे प्रथम पाहावे.