गोदाकाठची दारे

सह्याद्रीतील ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून पूर्वसमुद्रास मिळते. या दीर्घ वाटेवर पैठण, नांदेड, बासर, भद्राचलम, राजमहेंद्री अशी क्षेत्रे अनेक आहेत. परंतु गोदेची यात्रा म्हटली की महाराष्ट्रीय मनापुढे प्रथम उभी राहतात ती त्र्यंबकेश्वर आणि नाशिक. दोहोंमध्ये अंतर जेमतेम तीस किलोमीटरांचे. एक उगमाचे स्थान, तर दुसरे रामकथेचे.

गोदावरी भूतलावर कशी आली, याची पुराणकथा सर्वश्रुत आहे. गौतम ऋषींच्या शेतात शिरलेली गाय त्यांनी दर्भाच्या काडीने हाकलली आणि ती गतप्राण झाली. गाय मायावी होती, कपट इतर ऋषींचे होते. पण गोहत्येचा ठपका गौतमांवर आला. त्यांना आश्रमातून घालवून देण्यात आले. तेव्हा त्यांनी तप करून शंकरास प्रसन्न केले व गंगा खाली आणविली. निसटू पाहणारा तो प्रवाह त्यांनी कुशांनी अडविला, ते कुशावर्त. आणि नदीचे नाव पडले गौतमी. या कथेतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्यासाठी नदी आली, तो त्या वेळी बहिष्कृत होता.

यात्रेकरू नाशकास आला म्हणजे त्याची पहिली गाठ पडते ती तीर्थोपाध्यायांशी. आडनाव व मूळ गाव सांगावे, की उपाध्ये नेमकी वही काढतात आणि पणजोबा कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होते, हे दाखवून देतात. पुढे रामकुंडात स्नान, श्राद्धकर्म, नंदी नसलेल्या कपालेश्वराचे दर्शन, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असा क्रम चालतो. त्र्यंबकास कुशावर्तात स्नान करून ज्योतिर्लिंगाचे दर्शन घ्यावयाचे. श्रावणात ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करावयाची. पौष महिन्यात वारकरी तेथे येतात ते निवृत्तिनाथांच्या समाधीसाठी.

आज दिसणारा हा घाटांचा व देवळांचा पसारा बहुतांशी पेशवाईतील होय. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे मंदिर बांधले. वसईच्या विजयाची आठवण म्हणून मिरविलेली तेथील घंटा आजही ‘नारोशंकराची घंटा’ या नावाने प्रसिद्ध आहे. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुंदरनारायणाचे मंदिर उभारले. त्र्यंबकेश्वराचे सध्याचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी आरंभिले. पंचवटीतील काळारामाचे भव्य पाषाणमंदिर सरदार रंगराव ओढेकर यांचे. त्यासाठी काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला. पैसा दौलतीचा, हात पाथरवटाचे आणि पुण्य दात्याचे, अशी ही वाटणी होती.

पण दगडाच्या पायऱ्या आल्या की त्यांच्याबरोबर मानाचा क्रमही येतो. गुरू सिंह राशीत असता, बारा वर्षांनी, येथे सिंहस्थाचा मेळा भरतो. प्रथम स्नान कोणी करावे, यावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात वैर माजले. १७८९ च्या सिंहस्थात त्याची परिणती शस्त्रयुद्धात झाली. तत्संबंधी ताम्रपटात मृतांची संख्या बारा हजार दिली आहे. अखेर पेशव्यांनी दोघांची ठिकाणेच वेगळी केली: शैवांनी त्र्यंबकास कुशावर्तात, वैष्णवांनी नाशकास रामकुंडात स्नान करावे. ती व्यवस्था आजतागायत चालू आहे.

तो तंटा निदान ज्यांना पायरी होती त्यांचा होता. कोणी वरच्या पायरीसाठी भांडत होता, कोणी पहिल्या घटकेसाठी. ज्यांना पायरीच नव्हती, त्यांचा प्रश्न १९३० मध्ये काळारामाच्या दाराशी येऊन उभा राहिला. तीन वर्षांपूर्वी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला होता. आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली व भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाड यांच्या संघटनेच्या बळावर २ मार्च १९३० रोजी हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांची मिरवणूक मंदिरावर चालून गेली. दांडीयात्रा सुरू होण्यास अजून दहा दिवस होते. दारे बंद आढळली, तेव्हा मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली आणि सभा तेथे भरली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दारांशी बसली. बाहेर सत्याग्रही, आत राम, मध्ये पोलिसांचा पहारा, असे दृश्य नाशकाने महिनाभर पाहिले.

चैत्र शुद्ध एकादशीस रामरथ निघतो. त्या वर्षी ९ एप्रिल रोजी दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून रथ ओढावा, असे ठरले होते. ऐन वेळी रथ भलतीकडेच पळविण्यात आला. सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला, पुष्कळ जण जखमी झाले. खुद्द बाबासाहेबांनाही इजा झाली. तरी लढा थांबला नाही. तो वर्षानुवर्षे चालला. सत्याग्रहींपैकी अनेकांनी तुरुंगवास भोगला, आणि खेड्यापाड्यांतील त्यांच्या आप्तांना त्याचा जाच सोसावा लागला.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांस पत्र लिहून ही चळवळ थांबविण्याचा सल्ला दिला. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह नव्हता, तर त्यांच्यात चैतन्य यावे म्हणून होता. आता शक्ती राजकारणात व शिक्षणात खर्चावी, असा त्यांचा आशय होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ती खरी केली. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये झाला. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणाने पंढरपूरचे दार उघडले. दारे उघडली खरी, पण १९३० साली त्या दारांशी बसलेल्यांपैकी कित्येकांना तोवर त्या दारांची गरज उरली नव्हती. उशिरा दिलेल्या न्यायाचे हे मोल इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

रामकुंडावरील गर्दी मात्र ओसरली नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत सुमारे चाळीस यात्रेकरू प्राणास मुकले. पुढे पुढे सरणाऱ्या त्या लोटात कोण कोणत्या जातीचा, हे कोणी विचारले नसेल. मृत्यूने जी समता एका क्षणात दाखविली, ती जिवंतपणी मान्य करावयास या काठाला शतके लागली.

उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. चार दारांशी बसलेल्या त्या माणसांची नावे तेथे शोधून मिळावयाची नाहीत. तथापि गोदेच्या यात्रेचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही. कारण ही नदी प्रथम एका घालवून दिलेल्या माणसासाठीच उतरली, असे तिचे पुराणच सांगते.