क्रीडा मोटारींच्या नावांतील अक्षरचिन्हे

क्रीडा मोटारींच्या नावांतील अक्षरचिन्हे म्हणजे मोटारगाडीच्या मूळ नावापुढे किंवा मागे जोडली जाणारी जीटी, जीटीआय, आरएस, एस, एम, एएमजी यांसारखी आद्याक्षरे होत. ही अक्षरे बहुधा धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या बिल्ल्याच्या रूपात गाडीच्या मागील बाजूस बसवलेली असतात. गाडीचे इंजिन, इंधनपद्धती, शर्यतीची पात्रता किंवा ती घडवणारा विभाग यांपैकी एखादी गोष्ट त्यांतून सूचित होते. या अक्षरांचे कोणतेही आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झालेले नाही. त्यामुळे एकाच अक्षराचा अर्थ उत्पादकानुसार आणि काळानुसार बदलतो.

उगम

या चिन्हांपैकी सर्वांत प्रचलित असलेले जीटी हे 'ग्रान तुरिस्मो' या इटालियन शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. लांबचा प्रवास वेगाने आणि आरामात करू शकणारी गाडी, असा त्याचा मूळ अर्थ. १९५१ मधील लान्सिया ऑरेलिया बी२० जीटी या गाडीमुळे हे नाव रूढ होण्यास मदत झाली.

काही अक्षरे थेट शर्यतींच्या नियमांतून आली. फेरारी २५० जीटीओ (१९६२) मधील 'ओ' म्हणजे 'ओमोलोगाता', अर्थात शर्यतीसाठी मान्यताप्राप्त. जीटी गटात उतरण्यासाठी एका प्रकारच्या किमान १०० गाड्या बांधणे आवश्यक होते. फेरारीने जीटीओच्या अवघ्या ३६ गाड्या बांधल्या, पण ती आधीच्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती असल्याचे सांगून मान्यता मिळवली. दोनच वर्षांनी अमेरिकेतील पाँटिॲक कंपनीने तीच तीन अक्षरे आपल्या गाडीला दिली. त्या गाडीचा अशा कोणत्याही मान्यतेशी संबंध नव्हता. अक्षराचा मूळ अर्थ गळून केवळ त्याची प्रतिष्ठा उरण्याची प्रक्रिया येथूनच स्पष्ट दिसू लागते.

जीटीआयमधील 'आय' इंजेक्शनचा, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारून पुरवण्याच्या पद्धतीचा निदर्शक आहे. १९७६ मध्ये विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे १.६ लिटरचे इंजिन ११० अश्वशक्ती देत असे. कंपनीचा बेत सुमारे ५,००० गाड्यांचाच होता. प्रत्यक्षात ती कित्येक पटींनी अधिक खपली. आज साध्यातल्या साध्या पेट्रोल गाडीतही इंजेक्शन असते. त्यामुळे 'आय' हे अक्षर तांत्रिकदृष्ट्या काहीच सांगत नाही.

आरएस हे सर्वाधिक गोंधळाचे चिन्ह म्हणावे लागेल. पोर्शे आणि ऑडी यांच्यासाठी ते 'रेनस्पोर्ट' (जर्मन भाषेत शर्यतीचा खेळ), फोर्ड आणि स्कोडा यांच्यासाठी रॅली स्पोर्ट, तर रेनोसाठी रेनो स्पोर्ट आहे. बीएमडब्ल्यूचे 'एम' १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मोटरस्पोर्ट या उपकंपनीवरून आले. एएमजी या अक्षरांत दोन माणसे आणि एक गाव आहे: संस्थापक आउफ्रेख्ट व मेल्खर आणि आउफ्रेख्ट यांचे जन्मगाव ग्रोसआस्पाख. १९६७ मध्ये स्वतंत्र कार्यशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे मर्सिडीज-बेंझमध्ये विलीन झाली.

महाराष्ट्रातील मोटारी

भारतीय मोटार उद्योगाच्या प्रवर्तकांपैकी एक असलेले वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथे झाला. त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या तयार होत. त्या क्रीडा मोटारी नव्हत्या, तरीही अक्षरे किती फसवी असू शकतात याचे उत्तम उदाहरण तेथेच सापडते. फियाट ११००डी मधील 'डी' हे केवळ मालिकेचे अक्षर होते आणि गाडी पेट्रोलवर चालत असे. हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच कंपनीने नंतर आणलेल्या १३७डी या गाडीतील 'डी' मात्र डिझेलचा होता. एकाच कंपनीच्या एकाच घाटाच्या दोन गाड्यांवर एकच अक्षर दोन निराळ्या अर्थांनी आले.

फियाटच्या पालिओ या गाडीची १.६ लिटर इंजिनाची आवृत्ती जीटीएक्स या नावाने विकली जाई. याच गाडीची 'एस१०' ही मर्यादित आवृत्तीही निघाली. त्यातील 'एस' सचिन तेंडुलकर यांच्या नावाचा आणि १० त्यांच्या पोशाखावरील क्रमांकाचा. यंत्राशी त्याचा काही संबंध नव्हता.

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथील कारखान्यातून स्कोडा ऑक्टाव्हिया भारतीय बाजारात आली. २००४ मध्ये आलेल्या तिच्या आरएस आवृत्तीचे १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचे होते. पुढे आलेल्या आरएस २३० आणि आरएस २४५ या नावांत अश्वशक्तीचा आकडाच अक्षरांना जोडला गेला. अशी नावे ग्राहकाच्या दृष्टीने प्रामाणिक म्हटली पाहिजेत.

चाकण येथे जुळणी झालेली पहिली एएमजी गाडी म्हणजे मर्सिडीज-एएमजी जीएलसी ४३ कूपे (२०२०). एएमजीच्या जुन्या गाड्यांवरील ४३ हा आकडा ४.३ लिटरच्या इंजिनावरून आला होता. चाकणच्या गाडीचे इंजिन मात्र ३ लिटरचे होते. आकडा आता श्रेणी दाखवतो, आकारमान नव्हे.

सजावटीची अक्षरे

'एम स्पोर्ट', 'एएमजी लाइन', 'जीटी लाइन' ही नावे मूळ चिन्हांशी साम्य राखतात, परंतु ती बहुतांशी बाह्य सजावट, चाके, आसने आणि काही वेळा सस्पेन्शन यांच्यापुरती मर्यादित असतात. चाकण येथेच तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसमध्ये हा फरक पाहता येतो. २०२२ मधील 'जीटी प्लस'मध्ये १.५ लिटरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन होते, तर २०२४ मध्ये आलेल्या 'जीटी लाइन'मध्ये साध्या आवृत्तीचेच १ लिटरचे इंजिन आहे. जुनी गाडी घेताना हा एका शब्दाचा फरक महागात पडू शकतो. शिवाय सुटे बिल्ले बाजारात सहज मिळतात आणि ते कोणत्याही गाडीवर चिकटवता येतात.

नोंदणी आणि अक्षरचिन्हे

गाडीच्या मागील बाजूस दोन प्रकारची अक्षरे असतात. सोलापूर येथे नोंदलेल्या गाडीच्या पाटीवरील 'एमएच १३' या संकेताला कायद्याचा आधार आहे. बिल्ल्यावरील अक्षरांना तसा नाही. गाडीचे खरे स्वरूप नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादक, मॉडेल, इंधन, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि घनक्षमता या नोंदींवरून ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या आणि प्रमाणपत्रात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. बिल्ला लावल्याने हा तपशील बदलत नाही. खासगी पेट्रोल व डिझेल गाड्यांच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही १,००० घन सेंमीपर्यंत, १,००० ते १,५०० आणि त्याहून अधिक अशा तीन टप्प्यांत इंजिनाच्या घनक्षमतेवरून आकारला जातो.