नाटकाला घाबरलेले सरकार : केनिया, १९७७

१९७७ मध्ये केनियात एकाच लेखकाच्या दोन कलाकृती लोकांसमोर आल्या. ‘पेटल्स ऑफ ब्लड’ या इंग्रजी कादंबरीत स्वातंत्र्योत्तर सत्ताधाऱ्यांवर कठोर टीका होती. सरकारने ती खपवून घेतली. दुसरी कलाकृती म्हणजे गिकुयू भाषेतील एक नाटक. त्यानंतर मात्र लेखकाची रवानगी थेट तुरुंगात झाली.

लेखक होते न्गुगी वा थिओंगो. आशय जवळपास तोच असताना वागणूक इतकी वेगळी का, याचे उत्तर भाषेत आणि प्रेक्षकांत आहे.

लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात चहामळ्यांतले मजूर, कारखान्यातले कामगार, भूमिहीन शेतकरी राहत. ‘न्गाहिका न्देंदा’ (मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन) हे नाटक न्गुगींनी न्गुगी वा मिरी यांच्यासह लिहिले. पण तालमी उघड्यावर चालत आणि गावकरी संवाद बिनदिक्कत सुधारीत. खुले नाट्यगृहही त्यांनीच उभारले. कथा साधी : चर्चमध्ये रीतसर लग्न लावण्यासाठी एक शेतमजूर आपली दीड एकर जमीन तारण ठेवून कर्ज काढतो आणि जमीन धनाढ्य मालकाच्या घशात जाते. प्रेक्षकांतील कित्येकांना ही स्वतःचीच गोष्ट वाटली असल्यास नवल नाही.

ऑक्टोबरमध्ये प्रयोग सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये परवाना रद्द झाला. डिसेंबरच्या अखेरीस न्गुगींना अटक झाली. ना आरोपपत्र, ना खटला. स्थानबद्धतेच्या आदेशावर सही होती तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांची.

कामिती तुरुंगात न्गुगींनी गिकुयूतील आपली पहिली कादंबरी लिहिली, तीही टॉयलेट पेपरवर. कैद्यांना जाच व्हावा इतका तो कागद खरखरीत होता. लेखणीला नेमका तोच मानवला! डिसेंबर १९७८ मध्ये सुटका झाली आणि १९८० मध्ये ‘चैतानी मुथाराबा-इनी’ प्रसिद्ध झाली. निरक्षर श्रोत्यांसाठी ती घरांत, गुत्त्यांत, प्रवासी गाड्यांत मोठ्याने वाचली जाई. आधुनिक कादंबरी अशी पुन्हा मौखिक परंपरेत शिरली, ही घटना साहित्येतिहासात त्या टॉयलेट पेपरहून अधिक मोलाची आहे, पण सांगितली जाते कमी.

मार्च १९८२ मध्ये पोलिसांनी कामिरीथूचे नाट्यगृह जमीनदोस्त केले. त्याच वर्षी न्गुगींचा विजनवास सुरू झाला.

१९८६ मध्ये ‘मातिगारी’ ही गिकुयू कादंबरी आली. तिचा नायक सत्य आणि न्याय कुठे सापडेल, असे विचारत देशभर भटकतो. न्गुगींनीच नमूद केल्यानुसार, मातिगारी नावाचा कुणी इसम असे प्रश्न विचारीत फिरतो आहे, ही गावोगावची चर्चा गुप्तचरांच्या कानी गेली आणि त्याला पकडण्याचे हुकूम सुटले. मोई तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. हा इसम केवळ कादंबरीतले पात्र आहे, हे पोलिसांना उशिरा उमगले. मग १९८७ च्या फेब्रुवारीत दुकानांतून पुस्तकाच्या प्रतीच जप्त करण्यात आल्या.