उडी मोजणारे कोण? सूर्या बोनाली आणि पंचांची वही

खेळात फक्त गुणवत्ता चालते, तिथे रंग-वंश कोणी पाहत नाही, असे ठणकावून सांगणारे आम्हाला वारंवार भेटतात. धावण्याच्या शर्यतीपुरते त्यांचे म्हणणे मान्य करू. तिथे घड्याळ असते. पण ज्या खेळात घड्याळ नाही, फीत नाही, गोल नाही, नऊ माणसे टेबलामागे बसून आकडे देतात, तिथे गुणवत्ता म्हणजे नेमके काय? हे तपासायचे असेल तर महिलांच्या फिगर स्केटिंगचा इतिहास वाचावा. बर्फ आपल्याकडचा नाही, खेळही आपला नाही, तरी वाचावा.

आधी जुनी पद्धत समजून घेऊ. प्रत्येक पंच दोन आकडे द्यायचा, एक तंत्राचा आणि एक कलात्मक प्रभावाचा. कमाल गुण ६.०. प्रेक्षकांना वाटे की या आकड्यांची बेरीज होते. तसे नव्हते. त्या आकड्यांवरून पंचाने कोणाला पहिले, कोणाला दुसरे ठेवले एवढेच पाहिले जाई आणि बहुमताने निकाल लागे. म्हणजे पंच गुण देत नव्हता, रांग लावत होता. मुक्त कार्यक्रमात एखाद्या पंचाकडे दोघींचे गुण समान झाले, तर जिचा कलात्मक आकडा मोठा ती वर. उडीला स्वतःची अशी किंमत नव्हतीच. लेखी परीक्षेत वर आणि तोंडी परीक्षेत खाली, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही.

त्याही आधी बर्फावर पात्याने ठरावीक वर्तुळे कोरण्याची परीक्षा होती. १९६८ पर्यंत तिला ६० टक्के वजन होते. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शुबा मुक्त कार्यक्रमात सातवी आली आणि तरीही सुवर्णपदक घेऊन गेली, ते या वर्तुळांच्या जोरावर. १९८८ च्या कॅल्गरीत जपानच्या मिदोरी इतोने उड्यांनी मैदान दणाणून सोडले, पण वर्तुळांत ती दहावी होती. एकूण पाचवी राहिली. त्याच वर्षी पुढे स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सल मारणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली. वर्तुळे १९९० नंतर बंद झाली. तोपर्यंत ज्यांना रोज तासन्‌तास रिकामे रिंक परवडत होते, त्यांचीच चांदी होती.

आणि रिंक सगळ्यांसाठी उघडे तरी कुठे होते? १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मेबल फेअरबँक्स या कृष्णवर्णीय मुलीला रिंकच्या दारातून परत पाठवत. तिला स्पर्धेत कधी उतरताच आले नाही. तिने पुढे इतरांना शिकवले. १९८८ मध्ये डेबी थॉमसने कांस्य जिंकले, तेव्हा हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली.

आता सूर्या बोनाली. नाव ओळखीचे वाटेल, पण बाई फ्रान्सची. जन्म १९७३, नीस शहरात. गोऱ्या दांपत्याने दत्तक घेतलेली कृष्णवर्णीय मुलगी. तिचे सुरुवातीचे प्रशिक्षक दिदिए गायागे यांनी पत्रकारांना सांगितले की ती रेयुनियाँ बेटावर जन्मली. ती थाप होती. नीसमध्ये जन्मलेली काळी मुलगी पुरेशी रंजक नव्हती. तिला दूरच्या बेटावरची करावे लागले. गायागे हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

बोनाली मुळात जिम्नॅस्ट. १९९१ ते १९९५ सलग पाच वर्षे ती युरोपची विजेती होती. १९९२ च्या अल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये तिने चार गिरक्यांची उडी मारण्याचा प्रयत्न केला. गिरकी पूर्ण भरली नाही, म्हणून ती धरली गेली नाही. जागतिक स्पर्धेत १९९३, १९९४ आणि १९९५, तिन्ही वेळा रौप्य. १९९४ ची स्पर्धा जपानमध्ये चिबा इथे झाली. नऊ पंचांपैकी पाच युका साटोच्या बाजूने गेले, चार बोनालीच्या. बोनाली आधी चौथऱ्यावर चढलीच नाही आणि गळ्यात घातलेले पदक तिने काढून टाकले. वर्तमानपत्रांनी तिला उद्धट ठरवले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, की साटो काही गोरी नव्हती, मग वंशाचा प्रश्न आला कुठून? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण प्रश्न जिंकणारीच्या कातडीचा नाही. डौल म्हणजे काय, स्त्रीचे शरीर बर्फावर कसे दिसले पाहिजे, हे आधीच ठरलेले होते आणि दणकट, स्नायूदार, जिम्नॅस्टची बोनाली त्या साच्यात बसत नव्हती. ‘ताकद आहे, पण लालित्य नाही’ हा शेरा तिच्यामागे कायम लागला. तिच्या गिरक्या अनेकदा कमी भरत, सरकण्याचे मूलभूत काम कच्चे होते, हे जाणकार सांगतात आणि ते खरेही आहे. साटोचे पाय तिच्यापेक्षा सफाईदार होते हेही आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार वेगळी आहे. कोणत्या उडीत किती कमी पडले, हे कोणत्याही पंचाला लिहून द्यावे लागत नव्हते. कारण न सांगता केलेली शिक्षा आणि न्याय यांत फरक कसा ओळखायचा?

१९९६ मध्ये तिच्या टाचेची शीर तुटली. १९९८ च्या नागानोत ती दुखापतीसकट उतरली आणि पदक हाताबाहेर गेल्यावर तिने उलटी कोलांटी मारली. ही कोलांटी १९७६ मध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिकाने ऑलिंपिकमध्ये मारली होती आणि त्यानंतर तिच्यावर बंदी आली. बंदीमागे दोन कारणे दिली जात. एक, ती धोकादायक आहे. दुसरे, ती दोन पायांवर उतरते आणि खरी उडी एका पायावर उतरली पाहिजे. बोनाली एका पायावर उतरली. दुसरे कारण तिथेच निकालात निघाले. गुण कापले गेले, ती दहावी आली.

चार वर्षांनी सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या स्पर्धेत पंचगिरीचा घोटाळा उघड झाला. फ्रेंच पंच बाई आणि फ्रेंच महासंघाचे अध्यक्ष यांना तीन वर्षांची बंदी झाली. ते अध्यक्ष म्हणजे हेच गायागे. हा घोटाळा गोऱ्या कॅनेडियन जोडीला भोवला, म्हणून पद्धत बदलली, असे म्हटले तर कोणाला झोंबेल. पण घटनाक्रम तसाच आहे.

२००४ पासून प्रत्येक उडीला ठरलेली किंमत आली. गिरकी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कमी पडली तर चिन्ह लागते, गुण घटतात, आणि ते कागदावर छापले जाते. हे मोठे पाऊल होते, यात शंका नाही. मात्र त्याच सुमारास पंचांची नावे आकड्यांपासून तोडली गेली. कोणी किती दिले ते कळेना. २०१४ च्या सोचीत किम यु-ना २१९.११ वर थांबली, रशियाची सोत्निकोवा २२४.५९ वर गेली. पंचांमध्ये रशियन महासंघाच्या पदाधिकाऱ्याची पत्नी होती. कोरियाची तक्रार फेटाळली गेली. ही गुप्तता २०१६ मध्ये संपली.

उडीवरची वेसण मात्र पूर्ण सुटलेली नाही. २०२२ च्या बीजिंगमध्ये रशियाच्या ट्रुसोवाने मुक्त कार्यक्रमात पाच वेळा चार गिरक्यांची उडी मारली, पण महिलांच्या छोट्या कार्यक्रमात ती उडी तेव्हाही चालत नव्हती. पुरुषांना चालत होती. त्याचे पटण्याजोगे कारण आम्हाला कुठे सापडले नाही.

२०२४ च्या युरोपीय स्पर्धेत फ्रान्सच्याच अ‍ॅडम सियाओ हिम फाने बंदी असलेली कोलांटी मारली, दोन गुण गमावले आणि तरीही जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने बंदी उठवली. नागानोच्या निकालपत्रात बोनालीच्या नावापुढे १० हाच आकडा आहे.